तुझं प्रोफाइल वाचलं, भावा

कोल्हापूर
रविवार, रात्र

प्रिय भावा,

परवा नोकरी शोधायला काढलेल्या तुझ्या लिंक्डइन प्रोफाइलची लिंक पाठवून तू "जरा नजर टाक" म्हणालास आणि मी नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा खोटा होता. फोनवर खरं सांगायला लागलो असतो तर तू "बरं बरं" करत विषय मिसळीवर नेला असतास, म्हणून कागद घेऊन बसलोय.

प्रोफाइल तीनदा वाचलं. "रिझल्ट ओरिएंटेड, पॅशनेट क्वालिटी प्रोफेशनल." कोण रे हा? मी ओळखत नाही याला. इतक्या वर्षांत तू पॅशनेट झालेला मी एकदाच बघितलाय, तेही गंगावेशीत धारोष्ण दुधाचा तिसरा ग्लास मागताना. आणि फोटोतला कोट तुझ्या मेहुण्याचा आहे, हे खांद्यावरनंच कळतंय.

चेष्टा पुरे. माझंही असंच झालं होतं. पोरीनं लिंक्डइनवर खातं काढून दिलं तेव्हा मी आमच्या फाउंड्रीसाठी, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यासाठी, दिमाखात लिहिलं, "वन स्टॉप सोल्युशन फॉर ऑल कास्टिंग नीड्स." उद्यमनगरातनं शिरोलीपर्यंत गाडी घेऊन जा, दर दुसऱ्या पाटीवर हेच. वर्षभरात मला कोणी मेसेज केले? विमावाले, कर्जवाले आणि वेबसाइट बनवून देतो म्हणणारे. गिऱ्हाईक एक नाही.

मग एका जुलैत पंप हाउसिंगचा, म्हणजे पंपाच्या ओतीव कवचांचा, अख्खा लॉट परत आला. वरून जॉब, म्हणजे ओतलेला नग, गुळगुळीत; फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करताना, काही दिसलं नाही. गिऱ्हाइकानं मशीनवर लावून दुसरा कट घेतला आणि कातडीखालचे ब्लो होल, म्हणजे वाफेनं पडलेली भोकं, उघडे पडले. कारण साधं होतं. शेडचा पत्रा गळत होता, साच्याची नवी वाळू भिजली होती, आणि सेकंड शिफ्टच्या घाईत ओलावा कुणी तपासलाच नाही. ओल्या वाळूवर चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड पडलं की पाण्याची वाफ होते. तिला वाळूतनं बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूत घुसते आणि तिथंच अडकते. चूक शंभर टक्के आमची.

त्या रात्री डोकं फिरलेलं होतं. एक जॉब मधोमध कापला, भोकांचा फोटो काढला. शेजारी आमच्या मिस्त्रींच्या मुठीचा फोटो लावला. तू बघितलंयस त्यांना, वाळू मुठीत घट्ट दाबतात आणि हात उघडतात. गोळ्यावर बोटांचे ठसे उभे राहिले पाहिजेत, गोळा मोडला की कडा करकरीत तुटली पाहिजे. तळहाताला चिकटली तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. यंत्र आहे आमच्याकडे ओलावा मोजायचं, पण मिस्त्री यंत्राच्या आधी मूठ बघतात. हे सगळं आठ ओळींत लिहिलं, अर्धं मराठी, अर्धं माझ्या मोडक्या इंग्रजीत, आणि "आमचं कुठं चुकलं" असं वर टाकून दिलं पोस्ट करून.

दोन दिवसांनी पुण्याकडच्या एका परचेसवाल्याचा फोन. रेट विचारला नाही. त्याचा पहिला प्रश्न, "मग आता काय बदललंत?" मी म्हटलं, पत्रा बदलला, आणि दर बॅचला ओलाव्याची नोंद रजिस्टरात. तो रजिस्टर बघायला इथवर आला! ऑर्डर दिली चाळीस नगांची. फार नाचण्यासारखं काही नव्हतं, पण तो माणूस अजून आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. लोक ऑनलाइन "वेगळं दिसा, वेगळं दिसा" म्हणून ओरडतात, आणि मग सगळे मिळून एकसारखे वेगळे दिसतात. तेच रॉकेटचं चित्र, तेच "थ्रिल्ड टू अनाउन्स", एकेका वाक्यानंतर मोकळी ओळ. हातात काय काम आहे ते मात्र कुणी दाखवत नाही. आपल्या बाबूराव पेंटरांचं बघ. मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवायचे म्हणून लोक पेंटर म्हणू लागले, आणि तेच आडनाव झालं. पुढं सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, तोही या गड्यानं इथं कोल्हापुरात स्वतः तयार केला. हेडलाइन लोकांनी दिली, कामावरून.

आता तुझ्याकडं येतो. दिवाळीच्या तोंडावर तू तुझ्या कंपनीकडून आमच्याकडं तपासणीला आला होतास, आठवतंय ना? तीनशे ब्रॅकेट, टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. तुला दोन नगांत केसाएवढी चीर दिसली आणि तू लॉट थांबवलास. मी तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, पत्र पोरांच्या हातात पडलं तर पंचाईत. तू उत्तर दिलं नाहीस. वाळूच्या ढिगावर बसलास, हातोडी घेतलीस आणि एकेक नग टांगून ठोकायला लागलास. चांगला नग घंटेसारखा टण्ण वाजायचा, चिरलेला थप्प. पहाटेपर्यंत आणखी अकरा काढलेस. मी तुझ्याशी दोन महिने बोललो नव्हतो, आणि ते अकरा नग पुढं गेले असते तर माझा धंदा गेला असता, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं.

ही रात्र तुझ्या प्रोफाइलमध्ये कुठंय? नाही. तिथं "क्रॉस फंक्शनल स्टेकहोल्डर मॅनेजमेंट" आहे. म्हणजे मीच की तो स्टेकहोल्डर, शिव्या देणारा!

नावाखालच्या हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात, खालच्या 'अबाउट'ला 2600. पण मोबाइलवर त्यातल्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं बोट लावल्याशिवाय उघडत नाही. तू त्या ओळी पॅशनेटवर खर्च केल्यास. तिथं हातोडी घाल. कास्टिंगची तपासणी, चौदा वर्षं, कुठल्या प्रकारचे जॉब, काय थांबवलंस आणि का. कंपनीचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग यातलं काही नको. फोटो काढतानाही मागच्या भिंतीवर ड्रॉइंग लटकत नाही ना ते बघ. आमच्या एका पोरानं रील काढलं होतं आणि मागं गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग स्वच्छ वाचता येत होतं. घाम फुटला मला.

तुझं इंग्रजी यंत्राकडून घासूनपुसून घेऊ नको. स्पेलिंग तपासून घे, बस्स. ते गुळगुळीत वाचून कुणी फोन केला आणि पलीकडनं तू "हां, म्हंजे बघा" करत बोलायला लागलास, तर त्याला वाटेल राँग नंबर लागला.

आणि खरं लिही म्हणजे सगळंच लिही असंही नाही. हा धडा मी पैसे मोजून शिकलोय. एका गिऱ्हाइकानं पाच महिने बिल थकवलं, तेव्हा मी रात्री अकराला नाव न घेता एक जळजळीत पोस्ट टाकली. सकाळपर्यंत लोकांनी नाव ओळखलं होतं. पोस्ट काढली. बिल नंतर मिळालं, पण दुसऱ्याच एका जुन्या गिऱ्हाइकानं हसत हसत विचारलं, "आमच्यावर कधी लिहिताय?" ते हसू मला अजून आवडलेलं नाही. तुझ्याही मनात कंपनीच्या त्या एचआरबद्दल काय आहे ते मला माहीत आहे. ते मला सांग, रंकाळ्यावर बसून, पाहिजे तेवढा वेळ.

फोटोवरचं ते 'ओपन टू वर्क'चं हिरवं कडं मात्र राहू दे. वहिनी म्हणत होत्या, तुला लाज वाटते म्हणून तू ते काढणार आहेस. नोकरी गेली ती कंपनीनं प्लांट बंद केला म्हणून, तुझ्यात चीर होती म्हणून नव्हे. काम शोधतोय तर शोधतोय म्हणून दिसू दे.

हे लिहीत होतो तेव्हा मिस्त्री किल्ल्या द्यायला आले होते. वयानं थकलेत, तरी रविवारी चक्कर असतेच. "कुणाला एवढं लिव्हतायसा?" म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं, त्यांना लागेना. कंपनीचं सांगितलं, तरी लागेना. मग म्हणाले, "वाळूवर बसून रातभर घंटा वाजवत बसल्याला, त्योच का?"

म्हटलं, त्योच.

पुढच्या शनिवारी ये. खर्डा आईनं करून ठेवलाय, आणि जुनी हातोडी अजून त्याच खुंटीला आहे. फोटो इथंच काढू, तुझ्याच शर्टात.

तुझाच,
शिव्या देणारा स्टेकहोल्डर