दिवाळीच्या पुरवणीत अर्धं पान अल्टरलाही द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत दरवर्षी दसऱ्याच्या आसपास कमी बजेटमध्ये नवीन कपड्यांचा लेख येते, मी आवर्जून वाचते, पण त्यातलं कमी बजेट म्हणजे एका माणसाचे तीन-चार हजार. आमच्या इकडे घरात पाच-सहा माणसं, कापसाचा पहिला वेचा नुकताच घरात आलेला, सरकारी खरेदी केंद्र बरेचदा दिवाळी झाल्यावरच नीट सुरू होते, मग सणापुरता दोन-तीन क्विंटल खासगीत पडेल त्या भावाने द्यायचा आणि त्यातच किराणा, कृषी केंद्राची उधारी अन् पोट्ट्यांचे कपडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी झाला, त्याच्या मोठमोठ्या जाहिराती आल्या, पण हजारापर्यंतच्या कपड्यांवर आधीही ५ टक्केच होता आणि आठवडी बाजारातला आमचा शर्ट हजाराच्या वर कधी जातच नाही.

मी घरी शिलाई करते, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच आहे की घरातला जुना सुती कपडा फेकू नका, अल्टर करा, आणि ते कसं करायचं हे तुमच्या पेपरने छापावं.

सुतीच काऊन म्हणते तर हिशोब बघा. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल होता. एका क्विंटलमधून साधारण ३४ किलो रुई निघते, शर्ट भरते पाव किलोच्या आसपास, सूत-विणाईत वाया जाते ते सोडलं तरी शंभरेक शर्ट होतातच. आणि तसा एक चांगला सुती शर्ट दुकानात घ्यायला गेलं की आठशे-हजार सांगतात, म्हणून कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर पॉलिस्टर, तेही मे महिन्यात पारा ४५ वर असताना. मला याचं खरंच फार वाईट वाटते. आणि घरात आहे ती चांगली सुती साडी भांडेवाली आली की एका स्टीलच्या डब्यावर निघून जाते.

शर्टाचं सांगते. सुती शर्ट सगळ्यात आधी कॉलरच्या घडीवर फाटते, बाकी कापड अजून दोन वर्षं चालेल असं असते. कॉलर जिथे पट्टीत बसवलेली असते तिथली शिलाई ब्लेडने हळूच उसवायची, कॉलर पलटी करायची, आतली कोरी बाजू वर येते, परत पट्टीत घालून शिलाई मारायची, बस. मी याचे ४० रुपये घेते. फक्त कॉलरच्या टोकाला बटन-काज असेल तर हे जमत नाही.

साडीचं तसंच. साडी फॉलजवळ झिजते आणि जिथे खोचतो तिथे, बाकी खांद्याकडचा भाग चांगला राहते. उन्हासमोर धरा, विरलेलं लगेच दिसते, तेवढं सोडून कापायचं. साडेपाच मीटरमध्ये पोरीची एक कुर्ती आरामात निघते, काठ गळ्याला अन् बाहीला लावला तर कोणी जुनं म्हणणार नाही. जुनं सुती कापड धुऊन धुऊन जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असते, पण अस्तर नवीन असते, ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटते आणि वरचं कापड फुगते. रंग उडालेली काळी कुर्ती पुडीच्या रंगात गरम पाण्यात मीठ टाकून रंगवता येते, पण शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असते, तो रंग घेत नाही, दोरा पांढरा असेल तर पांढराच दिसते, म्हणून दोरा मिळताजुळता असेल तेच रंगवा. पॉलिस्टरच्या कपड्यावर हा रंग चढतच नाही, पैसे वाया घालवू नका. आणि वाळू घालताना उलटे करून सावलीत, आपल्याकडचं ऊन दोन महिन्यात रंग खाऊन टाकते.

टेलर लोकांनाही माझी विनंती आहे. सीझनमध्ये अल्टरचं काम कोणी घेत नाही, बाया पिशवी घेऊन परत जातात. वेळ जास्त अन् पैसे कमी हे मलाही माहीत आहे, तर दर वाढवून घ्या पण नाही म्हणू नका, नवीन शर्टापेक्षा ते स्वस्तच पडते. बचत गटाच्या ज्या बायांकडे मशीन नुसती पडून आहे त्यांनी दसरा ते दिवाळी बाजाराच्या दिवशी हेच काम घेऊन बसावं, गिऱ्हाईक आहे.

आणि लग्नात "हीच साडी मागच्या वर्षी नेसली होती ना वो" असं जे विचारतात त्यांनी कृपा करून विचारू नये. त्या एका प्रश्नापायी बाया कर्ज काढून साड्या घेतात, मी डोळ्याने पाहिलं आहे.

तर साहेब, पुरवणीत अर्धं पान द्या. मॉडेलचे फोटो कमी करा आणि त्या जागी साडीवरून कुर्ती कापायचं माप आकृतीसकट छापा, इंचात, कळी कुठून अन् बाही कुठून काढायची ते दाखवून. आमच्याकडे बाया ते कापून मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवतील. शक्यतो पोळ्याच्या नंतर लगेच छापा, दिवाळीच्या आठवड्यात छापलं तर शिवायला वेळ उरत नाही.

आपली,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ