राधानगरीच्या कोळसुंद्यांसाठी गावातील कुत्र्यांना लस टोचावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राधानगरी अभयारण्यातील कोळसुंदे, म्हणजे आपले तांबूस रानकुत्रे, रोगांपासून वाचावेत म्हणून अभयारण्यालगतच्या गावांतील पाळीव व मोकाट कुत्र्यांना दरवर्षी रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांत पसरणारा एक जीवघेणा विषाणूजन्य रोग) या दोन्ही रोगांची लस टोचली जावी आणि हे काम वन विभाग व पशुसंवर्धन विभागाने मिळून अंगावर घ्यावे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी कोल्हापूरची असली, तरी तिचा आधार आफ्रिकेतील रानकुत्र्यांच्या अनुभवात आहे.

मोठ्या गोल कानांचा आणि काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा आफ्रिकी रानकुत्रा आपल्या कोळसुंद्याचा दूरचा नातलग आहे. राहणी मात्र दोघांची विलक्षण सारखी. आफ्रिकी रानकुत्र्यांच्या कळपात बहुधा एकाच जोडीला पिल्ले होतात, तीही एका वेताला दहाच्या आसपास, आणि ती वाढवण्याचा भार सगळा कळप उचलतो. शिकारीहून परतलेले कुत्रे पोटातले मांस ओकून पिल्लांना, त्यांच्या आईला आणि बिळापाशी राखणीला थांबलेल्यांना भरवतात. पिल्ले शिकारीपर्यंत चालत जाऊ लागली की मोठे बाजूला होऊन आधी त्यांना खाऊ देतात. बोट्सवानातील ओकावांगो भागात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे दिसले की, विश्रांतीनंतर कळप शिकारीला निघणार की नाही, याचा संबंध सदस्यांच्या शिंकांशी असतो. प्रमुख जोडीने पुढाकार घेतला तर तीनेक शिंका पुरतात, इतर कोणी घेतला तर दहाच्या आसपास लागतात. इतक्या समंजस प्राण्याला उपद्रवी ठरवून अनेक दशके सरसकट गोळ्या घातल्या गेल्या, काही ठिकाणी तर राष्ट्रीय उद्यानांच्या आतही, याचे फार वाईट वाटते.

परंतु हीच जवळीक रोगाच्या काळात घात करते. एकमेकांचे तोंड चाटणाऱ्या आणि अंगाला अंग लावून निजणाऱ्या कळपात एकाला लागण झाली की सगळेच धोक्यात येतात. टांझानियातील सेरेंगेटीच्या मैदानांतून १९९१ पर्यंत रानकुत्र्यांचे कळप नाहीसे झाले आणि त्या काळात तेथे रेबीजने रानकुत्रे मेल्याचे सिद्ध झाले आहे. १९९४ मध्ये त्याच सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. केनियातील लायकिपियाचे बहुतेक कळप २०१७ मध्ये डिस्टेंपरनेच गेले. आज संपूर्ण आफ्रिकेत सुमारे ६,६०० प्रौढ रानकुत्रे उरले असून, त्यांपैकी प्रजननक्षम जेमतेम १,४०० आहेत, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा अंदाज आहे. तारेचे फासे, रस्ते आणि तुकड्यातुकड्यांत विभागलेले जंगल ही कारणे आहेतच. पण रोगावर माणसाला काही तरी लगेच करता येते. सेरेंगेटीच्या परिसरात गावातील कुत्र्यांचे लसीकरण सुरू झाल्यावर कुत्र्यांमधील रेबीज घटला आणि त्याबरोबर माणसांना रेबीजविरोधी उपचार घेण्याची गरजही कमी झाली. डिस्टेंपर इतर वन्य प्राण्यांतही टिकून राहतो, म्हणून केवळ लसीने तो संपणार नाही. तरीही लागणीचा जंगलाला सर्वांत जवळचा मार्ग त्यामुळे अरुंद होतो.

आपला कोळसुंदाही संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. एके काळी त्याला मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. राधानगरी, चांदोली आणि कोयना हा जागतिक वारशाच्या यादीतील पट्टा त्याचे घर आहे, आणि या पट्ट्याला लागून असलेल्या वाड्यांवरचे कुत्रे गुराख्यांबरोबर रोज रानात जातात-येतात. वासरू गमावलेल्या शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे; त्याला शासनाची नुकसानभरपाई विनाविलंब मिळालीच पाहिजे. मात्र मोकाट कुत्र्यांनी मारलेले जनावरही पुष्कळदा कोळसुंद्याच्या नावावर जाते. तांबूस अंग आणि काळी झुपकेदार शेपटी ही त्याची खूण आपल्या दैनिकाने बातमीसोबत छापली, तरी बराच गैरसमज टळेल.

लसीकरणासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, गावोगावी दूध संस्था आहेत आणि कोणाच्या दारात किती कुत्री आहेत हे तेथील सचिवाला ठाऊक असते. कोळसुंद्यांची पिल्ले साधारणपणे हिवाळ्यात जन्मतात. त्यामुळे पाऊस ओसरताच, दसऱ्याच्या सुमारास ही मोहीम हाती घ्यावी आणि पहिल्या वर्षी निदान राधानगरी व भुदरगड तालुक्यांतील अभयारण्यालगतची गावे पूर्ण करावीत, अशी दोन्ही विभागांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर