मॅकग्रेगर: लेकीस पत्र

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाळाचा जन्म एकवीस दिवसांच्या आत नोंदवावा लागतो आणि अर्जावर आडनाव कोणते लिहावे हे अजून ठरलेले नाही, असे तू कळवलेस. त्याच पत्रात ‘आडनावाचे एवढे काय, बाबा’ असेही लिहिलेस. खरे सांगायचे तर, आपले आडनाव नातीच्या नावामागे लागावे असे मला आधी वाटत होते. परंतु गेले आठ दिवस जावईबापूंच्या मॅकग्रेगर या आडनावाचा इतिहास वाचून काढला आणि माझे मत पालटले. ते का, हे तुला सविस्तर सांगितले पाहिजे.

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ग्रिगिर’ म्हणजे ग्रेगरी. हे नाव मूळचे ग्रीक असून त्याचा अर्थ जागता, सावध असा आहे. ते लॅटिनमार्गे गेल लोकांत आले. आपण कोणत्या गावचे ते आपली ‘कर’ लावलेली आडनावे सांगतात, आणि बापाचे नाव आपण मधे लिहितो. गेल लोकांनी बापाचे नावच आडनाव केले व एका पूर्वजापाशी ते कायमचे थांबवले. नवव्या शतकातला राजा केनेथ मॅकअल्पिन याच्या भावापासून आपण आलो, असे हे घराणे मानते. इतिहासकार ते मान्य करीत नाहीत, आणि मलाही त्याची गरज वाटत नाही. चौदाव्या शतकात ग्लेन ऑर्कीच्या खोऱ्यात हे लोक नांदत होते, एवढे पुरेसे आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच कुळातील जेम्स मॅकग्रेगर या धर्मगुरूने आपल्या भावासह जुन्या गेलिक कवितांचे एक हस्तलिखित तयार केले. ते आज एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्यावाचून त्या भाषेचे फार मोठे काव्यधन हरपले असते.

त्यांच्या दुःखाचे मूळ जमिनीत होते. खोरी त्यांच्या वहिवाटीची होती, परंतु राजाच्या सनदा कॅम्पबेल घराण्याच्या हाती गेल्या, आणि सनद नसलेल्या माणसाला आपल्याच घरात उपरे ठरवणे किती सोपे असते हे वतनांचे तंटे वाचलेल्या माझ्यासारख्याला कळते. १५७० साली ग्लेन ऑर्कीच्या कॅम्पबेलने ग्रेगर रुआ या मॅकग्रेगर प्रमुखाचा शिरच्छेद करविला. त्याची पत्नी स्वतः कॅम्पबेलांची लेक होती. तान्ह्या बाळाला निजवताना नवऱ्यासाठी तिने रचलेला विलाप अंगाईच्या चालीवर आजही गातात. तुझ्या मांडीवर बाळ असताना हे लिहू नये असे वाटले होते, परंतु ती बाई मला विसरता येत नाही.

त्याच ग्रेगरचा मुलगा अलास्टर प्रमुख असताना ७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन फ्रून येथे मॅकग्रेगरांनी कहून नावाच्या घराण्याची फार माणसे मारली. तो अपराध मी झाकीत नाही. परंतु राजा सहाव्या जेम्सच्या मंत्रिमंडळाने ३ एप्रिल १६०३ रोजी दिलेली शिक्षा माणसांबरोबर नावालाही होती. मॅकग्रेगर हे आडनाव समूळ रद्द झाले आणि ते धारण करणाऱ्यास देहान्त ठरला. इंग्लंडचे सिंहासन स्वीकारण्यासाठी राजा दोनच दिवसांनी लंडनकडे निघाला. पुढच्या जानेवारीत अलास्टरला एडिंबरोत फाशी दिले. पुढे असेही फर्मान निघाले की या कुळातल्या चारांहून अधिक माणसांनी एकत्र येऊ नये आणि जेवताना मांस कापण्यासाठी टोक नसलेल्या सुरीखेरीज शस्त्र बाळगू नये. १६३३ च्या कायद्याने तर कोणत्याही धर्मगुरूने मुलाचे नाव ग्रेगर ठेवू नये आणि कोणत्याही लेखनिकाने त्या नावाने दस्त करू नये असे बजावले. तू ज्या अर्जासमोर बसली आहेस, तशा प्रकारच्या कागदावर हे नाव लिहिणे कधीकाळी गुन्हा होता.

मग ही माणसे ग्रॅहम, मरे, ड्रमंड, ग्रँट अशी झाली. कित्येकांना तर वैऱ्याचेच कॅम्पबेल हे आडनाव घ्यावे लागले. १६६१ साली दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, १६९३ साली विल्यम राजाने ती पुन्हा लादली. मधल्या मोकळ्या काळात जन्मलेल्या प्रसिद्ध रॉब रॉयलाही पुढे आईचे कॅम्पबेल हे आडनाव लावावे लागले. बंदी कायमची गेली ती १७७४ साली. नंतर ८२६ जणांनी एका लेखावर सह्या करून जॉन मरे याला आपला प्रमुख मानले. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील सैन्यात नोकरी केलेला हा मनुष्य मरे म्हणवत असला, तरी रक्ताने मॅकग्रेगरच होता.

आता आपल्या मातीतली गोष्ट सांगतो. लहानपणी तुला तापीकाठचा थाळनेरचा किल्ला दाखवला होता, तो आठवतो का? होळकर व इंग्रज यांच्यातील मंदसोरच्या तहानंतर, २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल हिस्लॉपच्या इंग्रज फौजेने तो घेतला. दरवाजात झालेल्या हातघाईत लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे याला कट्यारीच्या अनेक जखमा झाल्या. इंग्रजांनी नंतर किल्लेदाराला फाशी दिले व शिबंदी कापून काढली, आणि त्या कृत्याची वेदना मला आजही होते. तो जखमी अधिकारी म्हणजे जॉन मरेचा मुलगा एव्हन. वडिलांच्या मृत्यूनंतर १८२२ साली राजाच्या परवान्याने त्याने मरे हे आडनाव सोडून मॅकग्रेगर हे पूर्वजांचे आडनाव पुन्हा धारण केले. कायदा उठल्यावरही प्रमुखाच्या घरी ते नाव पुरते परतायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

म्हणून माझे मत असे की अर्जावर मॅकग्रेगर हेच आडनाव लिहावे. आपले आडनाव तिला मधे देता आले तर मला आनंद होईल, पण हट्ट नाही. आणखी एक लक्षात ठेव. गेलिकमध्ये मुलीला ‘मॅक’ लावीत नाहीत, कारण ती कोणाचा मुलगा नव्हे. तिच्यासाठी ‘निक’ हे वेगळे रूप आहे. आपल्या घरच्या वंशावळीत मी तिच्या नावापुढे ‘निक ग्रिगिर’ असे लिहून ठेवणार आहे. उच्चार बरोबर आहे ना, हे जावईबापूंच्या आजीला विचारून कळव, म्हणजे शाईने लिहितो.

तुझे,
बाबा