मंत्रिमहोदय, माझ्या मुलीचा ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर जातो

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सादर नमस्कार. मी नागपुरात नंदनवनला राहते, घरी शिवणकाम करते. माझी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत गुरुवारी रात्री बारा वाजता संपली आणि तिचा फॉर्म राहिला. फीचे पैसे मी महिनाभर आधीच डब्यात वेगळे काढून ठेवले होते, ते अजून तसेच आहेत. विद्यापीठाच्या पोर्टलवर तिला लॉगिन करता आलं नाही, म्हणून फॉर्म राहिला.

सुरुवातीपासून सांगते. तीन वर्षांपूर्वी प्रवेश घेतला तेव्हा तिच्याजवळ फोन नव्हता. तिचे बाबा एक दिवस सुट्टी टाकून तिच्यासोबत ऑनलाइन सेंटरवर गेले आणि फॉर्मवर स्वतःचा नंबर दिला. पासवर्ड विजेच्या बिलामागे लिहून आणला. त्यातलं कोणतं अक्षर मोठं आहे हे विसरू नये म्हणून त्याला पेनाने गोल केला. ते बिल माझ्या मशीनच्या खणात आहे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

त्यांचा फोन मी काही महिने चालू ठेवला, मग रिचार्ज परवडेना. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरात नसला, त्यात शिल्लक नसली, की कंपनी तो बंद करते आणि पुढे दुसऱ्या कोणाला देऊन टाकते. हा नियम आहे आणि सरकारला तो माहीत आहे. यंदापर्यंत त्याने आमचं काही अडलं नव्हतं. पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक टाकला, पासवर्ड टाकला, कॅप्चा भरला की पोर्टल उघडायचं. या वर्षी नवीन पोर्टल आलं. आता पासवर्ड बरोबर असला तरी ओटीपी लागतो, आणि तो तिच्या बाबांच्या नंबरवर जातो. नंबर बदलायची सोय आहे, पण लॉगिन केल्यावर. तक्रार नोंदवायची सोयही लॉगिन केल्यावरच. ज्याला लॉगिनच होत नाही त्याने तक्रार कुठे करायची, हे पोर्टल बनवताना एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही का?

ऑगस्टमध्ये मी त्या नंबरवर फोन लावला. माझ्या फोनमध्ये तो अजून त्यांच्या नावानेच आहे. स्क्रीनवर त्यांचं नाव आलं, रिंग गेली आणि पलीकडून एक परका पोरगा हिंदीत "हॅलो" म्हणाला. मला दोन मिनिटं बोलता आलं नाही, पोरीने फोन हातातून घेतला. पोरगा भला होता. त्याने त्या दिवशी ओटीपी सांगितला, आम्ही आत गेलो, नंबर बदलायचा अर्ज केला, मृत्यूचा दाखला जोडला. अर्जासमोर "प्रलंबित" असं आलं. परीक्षा विभागाच्या खिडकीवर विचारलं तर सांगितलं, आठ दिवसांत होऊन जाईल ताई.

आज त्याला दहा आठवडे झाले. अजून प्रलंबितच आहे.

माझ्या नऊ फेऱ्या झाल्या, पोरीच्या वेगळ्या. नंदनवनहून आधी बर्डी, तिथून दुसरी बस. गेलं की अर्धा दिवस गेला. दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे ब्लाउजचा ढीग असतो, वर्षाची कमाई याच दिवसांत होते. तो ढीग तसाच टाकून मी रांगेत उभी राहिले. एकदा जेवायची सुट्टी, एकदा साहेब मीटिंगला. एकदा दाखल्याची झेरॉक्स अस्पष्ट आहे म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या वेळी तीच झेरॉक्स चालली. "सिस्टीम घेऊन नाही राहिली ताई, कंपनीला मेल टाकला आहे," हे मी किमान पाच वेळा ऐकलं. आणि सातव्या की आठव्या फेरीला आतले एक जण म्हणाले, "नंबर बंद होऊच कसा दिला? चालू ठेवायला पाहिजे होता." मी खिडकीबाहेर उभी होते, मागे वीसेक पोरं होती. माझा नवरा गेला त्या महिन्यात घरात काय काय बंद झालं हे त्या पोरांसमोर मी कसं सांगू?

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा त्या पोराला फोन केला. त्याने नाही म्हटलं. "आंटी, ओटीपी किसी को नहीं बताते." त्याला मी दोष देत नाही. सरकारच फोनवर, टीव्हीवर रोज सांगतं की ओटीपी कोणाला सांगू नका. त्याने तुमचं ऐकलं. पण माझ्या मुलीला परीक्षा द्यायची असेल, तर परक्या माणसाकडून ओटीपी मागून आण, असं तुमच्याच व्यवस्थेने तिला सांगितलं. साडेअकरापर्यंत ती पोर फोन समोर घेऊन बसली होती. मग तिने फोन पालथा ठेवला आणि न जेवता झोपली.

आता विलंब शुल्क देऊन मंगळवारपर्यंत फॉर्म भरता येतो म्हणतात. ते शुल्क म्हणजे माझी दोन ब्लाउजची शिलाई. तेही देते. पण ते भरायलाही लॉगिनच लागतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये लिहिलं आहे की निकाल 30 दिवसांत लावावा, फार झालं तर 45 दिवसांत. शेजारच्या वकीलबाईंनी मला ते कलम वाचून दाखवलं. मागच्या परीक्षेचा निकाल आमच्याकडे अडीच महिन्यांनी लागला. विद्यापीठाने कोणाला विलंब शुल्क दिलं? मुलगी एक दिवस चुकली की दंड, विद्यापीठ महिना चुकलं की "तांत्रिक कारण". ही कोणती रीत आहे? यूजीसीच्या 2023 च्या नियमांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती आहे, तिने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा आहे. त्यावर लोकपालही आहे. ती समिती कुठे बसते, असं मी खिडकीवर विचारलं. पोर्टलवर बघा, म्हणाले.

आणि हे एका विद्यापीठापुरतं नाही. शिष्यवृत्तीला महाडीबीटी, तिथे ओटीपी. मार्कशीटला डिजिलॉकर, तिथे ओटीपी. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, तेव्हा ज्यांचे दोघेही गेले अशा बायांनी काय करायचं, हा प्रश्न राज्यभरातून आला होता. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर आधी बनतं आणि घरातला माणूस मरतो हे नंतर आठवतं. मुलीच्या वर्गात साठ जणी आहेत. तिने विचारून पाहिलं तर नऊ जणींचा नंबर बंद तरी आहे, नाही तर हरवलेला. कोणीतरी मोजा ना, सगळ्या विद्यापीठांत मिळून असे किती आहेत!

1953 च्या नागपूर करारामुळे दरवर्षी डिसेंबरात सरकार इथे अधिवेशनाला येतं. विदर्भाच्या माणसाला दाद मागायला मुंबईला जावं लागू नये, हा त्यामागचा विचार. मला मुंबई नको, मोर्चाही काढायचा नाही. माझ्याच शहरातल्या खिडकीवर एखादा माणूस असावा, ज्याच्या हातात हा नंबर बदलायचा अधिकार आहे. मुलगी समोर उभी आहे, तिचं ओळखपत्र आहे, आधार आहे, बापाच्या मृत्यूचा दाखला आहे. अजून काय पुरावा पाहिजे?

म्हणून मागते ते एवढंच. नंबर बदलून द्यायचं काम महाविद्यालयाच्या प्राचार्यांना, मूळ कागद बघून, त्याच दिवशी करता यावं. ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित करा, म्हणजे उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या कायद्यातला 500 ते 5000 रुपयांचा दंड लागेल. तक्रारीचा अर्ज लॉगिनच्या बाहेर आणा. आणि ज्यांचा फॉर्म या कारणाने राहिला, त्यांचा कागदावर घ्या. मंगळवारच्या आत घ्या.

आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीवर माझा फोन नंबर लिहिला आहे. तो चालू आहे, आणि मंगळवारपर्यंत मी मशीन बंद ठेवून तो जवळ घेऊन बसणार आहे.

आपली,
एका विद्यार्थिनीची आई
नंदनवन, नागपूर