विमान एकतीस वर्षांनीही काढता येतं

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा तुझा आवाज तुटक होता. "संकटात विमान सोडून उडी मारणं सगळ्यात शेवटी असतं आई, तेच तेच नको विचारूस." बाबा म्हणाले, त्याला त्रास देऊ नकोस. म्हणून लिहितेय. तो विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, तरी तोच आधी आला.

तिकडे दुंडिगलला, तुमच्या हवाई दलाच्या अकादमीत, उकाडा फार आहे का? माईंनी मेतकूट दळून ठेवलंय. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता पेपर हातातून सोडत नाहीत.

ताईकडे लंडनला गेलो होतो ते आठवतं? हेंडनच्या विमानांच्या म्युझियममधलं ते हॅलिफॅक्स, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान. बाकीची विमानं रंगवून चकचकीत केलेली आणि हे तळ्यातून काढलं तसंच, पाण्याने खाल्लेला पत्रा, आतल्या बरगड्या उघड्या. तू कठड्याला धरून उभा होतास, हलेचनास. मग वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता. तुझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची म्हणून मीही वाचत गेले आणि सगळं पाठ झालं.

२७ एप्रिल १९४२च्या रात्री हॅलिफॅक्स आणि लँकेस्टर अशी ब्रिटिशांची ४३ बॉम्बफेकी विमानं स्कॉटलंडहून निघाली. 'टिर्पिट्झ' ही जर्मन युद्धनौका नॉर्वेत ट्रॉन्डहाइमजवळच्या खाडीत, उभ्या कड्याला चिकटून लपली होती. रशियाला मदत नेणाऱ्या जहाजांना तिची धास्ती. लँकेस्टरनी वरून बॉम्ब टाकायचे आणि हॅलिफॅक्सनी जेमतेम दोनशे फुटांवरून आत घुसायचं. हजार-हजार पौंडांचे गोल सुरुंग कड्यावर सोडायचे, म्हणजे ते उतारावरून गडगडत जहाजाच्या तळाखाली जाऊन फुटतील. दोनशे फूट म्हणजे आपल्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीच्या दोन-तीन पट, तेवढ्यावरून, दोन्ही बाजूंनी तोफा चालू असताना! जर्मनांनी धूर सोडून सगळी खाडी भरून टाकली. जहाजाला काही झालं नाही. पाच विमानं परत आली नाहीत.

आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाठवलं. तोफा कुठे आहेत, धूर कसा पसरतो, सगळं माहीत असताना ३४ विमानं गेली. आणखी दोन पडली. त्या दुसऱ्या रात्री विमानात चढणाऱ्यांचा विचार मनात आला की मला आजही जेवण जात नाही.

तुला विंग कमांडर बेनेट आवडायचा. विमान पेटलेलं, तरी सगळे उड्या मारून बाहेर पडेपर्यंत त्याने ते धरून ठेवलं आणि शेवटी अगदी खालून स्वतः उडी मारली. चालत स्वीडन गाठलं, इंग्लंडला परतला आणि त्याच वर्षी पाथफाइंडर फोर्सचा, म्हणजे पुढे जाऊन बॉम्बफेकीचं लक्ष्य दाखवणाऱ्या विमानांच्या दलाचा, प्रमुख झाला. मोठा माणूस, मी नाही म्हणत नाही. पण मला हेंडनच्या विमानाचा पायलट, मॅकइन्टायर, जवळचा वाटतो. तोफेचा मारा बसून विमान पेटल्यावर त्याने ते होक्लिंगेन नावाच्या गोठलेल्या तळ्यावर पोटावर उतरवलं. सगळे जिवंत बाहेर आले आणि विमान बर्फातून खाली गेलं. ते १९७३ साली वर काढलं. एकतीस वर्षांनी काढता आलं रे ते! माणसं काढता आली नसती.

त्यातल्या फ्लाइट इंजिनिअरचा, स्टीव्हन्सचा, घोटा मोडला. बाकीच्यांना त्याला मागे ठेवून निघावं लागलं. ते स्वीडनला पोचले, तो जर्मनांचा कैदी झाला. तुझा उजवा पाय अजून थंडीत दुखतो का? मेडिकलला लपवलं नाहीस ना?

बघ, पुन्हा भाषण झालं. रागावू नकोस. तुला तिथे शिकवणारे माझ्यापेक्षा जास्त जाणतात आणि बरोबरच्यांना आधी बाहेर काढायचं हे तू सोडू नकोस, तसं मी कधीच सांगणार नाही. पण बरोबर कोणी नसेल, खाली वस्ती नसेल, मशीन हातात राहत नसेल, तर एक क्षणही थांबू नकोस. चौकशीत काय लिहितील, दोस्त काय म्हणतील, हे मनात आणू नकोस.

शेवटी १२ नोव्हेंबर १९४४ला लँकेस्टरनी पाच-पाच टनांच्या बॉम्बनी ती 'टिर्पिट्झ' ट्रॉम्सोजवळ उलटवली. आत सुमारे हजार खलाशी मेले. लहानपणी हे वाचून तू टाळी वाजवली नव्हतीस. पुस्तक मिटून गच्चीवर गेलास. असा मुलगा विमान उडवणार आहे याचा मला अभिमान आहे. शेजारणींना मीच सांगत सुटते, बाबा नाही.

पासिंग आउटला आम्ही तिघंही येणार, काकांनीही हट्ट धरलाय. तारीख कळली की लगेच सांग, मे महिन्यात गाडीचं रिझर्वेशन मिळत नाही. मेतकूट बरोबरच्या पोरांनाही दे. आणि मी सांगितलं त्यावर फोनवर नुसतं "हो आई" म्हणू नकोस, विचार करून उत्तर लिही.

तुझी,
आई