माजघरातला कवडसा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कोकणातल्या घरांच्या इंटिरिअरचे पानभर फोटो दिलेत, त्यात चिऱ्याच्या, म्हणजे आपल्या जांभ्या दगडाच्या, डिझाईनची टाईल लावलेली भिंत बघितली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. खऱ्या चिऱ्याच्या भिंतीवर पुट्टी मारायची आणि त्या पुट्टीवर चिऱ्याचं चित्र असलेली टाईल चिकटवायची, हे आमच्याच घरात झालंय.

मालवण तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. चार वर्षांपूर्वी होमस्टे करूया म्हणून आम्ही भावंडांनी ते एका इंटिरिअरवाल्याकडे सोपवलं. त्याने थ्रीडी चित्रं दाखवली, आम्हाला आवडली, आम्ही हो म्हटलं. माजघरावर पीओपीचं सीलिंग आलं, भिंतींना पुट्टी, त्यावर कुठे चिऱ्याच्या चित्राची टाईल तर कुठे प्लास्टिक पेंट, फणसाच्या खांबांवर लाकडाच्या डिझाईनचं लॅमिनेट. लाकडावर लाकडाचा फोटो! आई तेव्हाच म्हणाली होती, खांब काय वाईट दिसत होते? आम्ही ऐकलं नाही.

आमच्याकडची छपरं पावसासाठी पार खाली उतरवलेली असतात, पुढे पडवी, मागे पडवी, त्यामुळे माजघरात खिडकीतून उजेड येतच नाही, तो वरून येतो, कौलांमध्ये बसवलेल्या काचेच्या कौलांतून. आमच्या माजघरावर अशी पाच होती. आजी सुपात तांदूळ घेऊन कवडशात बसायची, कवडसा सरकला की ती पण सूप घेऊन सरकायची, निवडून संपेपर्यंत पार देवघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची. ती पाचही कौलं सीलिंगच्या वर गेली. भर दुपारी ट्यूबलाईट, आणि जुलैत दोन दोन दिवस लाईट नसली की माजघरात मेणबत्ती. पहिल्याच गणपतीत काका मूर्तीच्या वरची फळापानांची माटवी बांधायला उभे राहिले, तर वर बांधायला वासाच नाही, सगळं गुळगुळीत पांढरं. ते काही बोलले नाहीत, दोरी हातात घेऊन नुसते वर बघत राहिले. ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या पावसात भिंतींना फुगे आले आणि मग पोपडे. चिरा ओल धरतो आणि सोडतो, जुना चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो, प्लास्टिक पेंट आतच कोंडतो. एक कौल फुटून पाणी झिरपत होतं ते सीलिंगमुळे दिसलंच नाही, दिसलं ते पीओपीचा तुकडा जमिनीवर पडला तेव्हा, आणि तोवर दोन वासे कुजले होते.

मग सगळं काढलं. गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी लॅमिनेट सोलून काढलं आणि खांबाच्या डोक्याकडे बोट दाखवलं, तुळईच्या भोकात खांबाची जीभ बसवलेली, वरून आरपार लाकडी खुंटी, एक खिळा नाही. पटाशीने खुंटी ठोकून बघितली, हलली नाही. वासे बदलून लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल दिलं, वाळवी लागू नये म्हणून. त्यांच्या हाताखाली शिकायला आज कोणी नाही, पोरगा मुंबईला आहे.

हा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, धारेच्या हत्याराने कापता येतो, आणि हवा लागली की टणक होत जातो. केरळात बघितलेल्या ह्या दगडाला बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ मध्ये लॅटराईट नाव दिलं, लॅटिनमध्ये वीट म्हणजे लॅटर, त्यावरून. जगभरात त्या नावाने ओळखला जाणारा दगड आपल्या भिंतीत आहे आणि आपण तो झाकतोय.

मी नव्याच्या विरोधात नाही, बाथरूमला टाईल्सच बऱ्या, आणि रोज शेणाने सारवायला आता कोणाला वेळ आहे? मंगलोरी कौल तरी कुठे आपलं मूळचं, बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला त्यातनं ते पसरलं, त्याआधी आपल्याकडे नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं, होते. पण ते कौल कौल म्हणूनच आलं, दुसऱ्या कशाचं सोंग घेऊन नाही आलं. कुडाळकडचं बांबूचं काम घ्या, सावंतवाडीच्या चितारआळीतलं लाखकाम घ्या, हे होमस्टेच्या खोलीत का नको? पाहुणा मुंबईतनं एवढ्या लांब येतो तो पीओपी बघायला येत नाही.

तुम्हाला एकच विनंती आहे, पुरवणीत फ्लॅटच्या इंटिरिअरसोबत महिन्यातून एकदा तरी अशा एखाद्या घराला आणि ते सांभाळणाऱ्या सुताराला, गवंड्याला जागा द्या, त्यांच्या कामाचे जवळून फोटो द्या. आयटीआयच्या सुतारकामाच्या पोरांनी ते बघितले तर आमच्या सुतारकाकांकडे एखादा तरी येईल शिकायला, ते शिकवायला तयार आहेत, मी विचारलंय.

गणपतीत आमचं घर सगळ्यांना उघडं असतं, माटवी परत वाशांना बांधली आहे. तुमचा फोटोग्राफर आला तर त्याला पाऊस उघडलेला दिवस बघून अकराच्या सुमारास यायला सांगा, कवडसा तेव्हा माजघराच्या मधोमध असतो.

आपला,
एक वाचक, ता. मालवण