सूचना : चिलापी परत पाण्यात सोडू नका

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या तळ्यात गळाला आता आपल्या इथल्या कालुंदर माशापेक्षा (पर्लस्पॉट) चिलापीच जास्त लागते, हे मालवण-कुडाळकडच्या सभासदांनीही कळवलंय. चिलापी म्हणजे मोझांबिक टिलापिया, ही माशाची आफ्रिकेतली जात, भारतात 1952 साली आणली गेली. गोडं पाणी असो वा खाडीचं मचूळ, तिला दोन्ही चालतं. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा वीण होते. कालुंदर मात्र बुडालेल्या दगडांना, मुळांना अंडी चिकटवतं आणि नर-मादी दोघं राखण करतात. अंडी उघड्यावर, जागा मोजक्या, वर खाण्यासाठीही झुंज. म्हणूनच आपलं कालुंदर मागे पडतंय, आणि हे बघवत नाही.

तेव्हा लागलेली चिलापी, लहान असली तरी, घरी न्या. तोंडात अंडी दिसली तर ती पाण्यात झटकू नका. कालुंदर हात ओले करून अलगद सोडा. काठाजवळचे बुडीत चिरे कृपया हलवू नका, विणीची जागा तीच. आणि जिवंत चिलापी बादलीतून दुसऱ्या तळ्यात किंवा विहिरीत अजिबात नेऊ नका, आमिष म्हणूनसुद्धा नाही. पाहुणे गळ टाकायला आले तर त्यांनाही हे आधीच सांगा.